मायनर निवडताय? दिव्यांगांसोबत किंवा व्यसनमुक्तीत काम करायचं असेल तर आधी हे बघा

मी एका व्यसनमुक्ती केंद्रात काउन्सेलर आहे. नवीन शिक्षण धोरण आल्यापासून कॉलेजची बरीच मुलं आमच्याकडे फील्डवर्कला येतात आणि चहाच्या वेळी हमखास विचारतात, ताई मला याच लाइनमध्ये यायचंय, नाहीतर दिव्यांग मुलांसोबत काम करायचंय, मायनर, म्हणजे मेजर या मुख्य विषयाच्या जोडीचा दुसरा विषय, कुठला घेऊ? प्रत्येकाला तेच तेच सांगते म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

पहिलं म्हणजे 'व्यसनमुक्ती' किंवा 'दिव्यांग सेवा' या नावाचा मायनर शोधत बसू नका, बहुतेक कॉलेजांच्या यादीत तो नसतोच. असतात ते सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, कुठे सोशल वर्क, कुठे एज्युकेशन. मायनर साधारण 18 ते 20 क्रेडिटचा असतो, म्हणजे मोजके पेपर, त्यामुळे नावावर जाऊ नका, सिलॅबस उघडा आणि त्यात कुटुंब, मानसिक आरोग्य, अपंगत्व, समाजातले प्रश्न असं काही आहे का ते बघा. मग विभागप्रमुखांना भेटून विचारा की हा मायनर यावर्षी खरंच चालू होणार आहे का, कारण यादीत असतो पण मुलं कमी पडली की बॅच बसत नाही आणि ऐनवेळी दुसरंच काहीतरी घ्यावं लागतं.

माझं मत विचाराल तर मेजर सायकॉलॉजी असेल तर मायनर सोशिऑलॉजी किंवा सोशल वर्क घ्या. नुसती सायकॉलॉजी केलेली मुलं पेशंटला बघतात, पण त्याच्यामागचं घर, पगाराची तारीख, गल्लीच्या तोंडावरचं दारूचं दुकान, पोरांची थकलेली फी, हे त्यांना दिसायला वेळ लागतो. मेजर कॉमर्स किंवा सायन्स असेल तर सायकॉलॉजी मायनर घ्या, पण पुढे एमए सायकॉलॉजी करायचं डोक्यात असेल तर हव्या त्या विद्यापीठाची प्रवेशाची अट आत्ताच वाचून ठेवा, काही ठिकाणी पदवीला सायकॉलॉजी असावंच लागतं. आणि कॉम्प्युटरवाल्यांनो, तुम्ही पण हवे आहात, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे अंध माणसाला स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो, तो लावा, मॉनिटर बंद करा आणि आपल्याच कॉलेजची वेबसाइट वापरून बघा, काय काम पडलंय ते अर्ध्या तासात कळेल.

आता महत्त्वाचं. मायनर केला म्हणून तुम्ही स्पेशल एज्युकेटर, म्हणजे दिव्यांग मुलांचे शिक्षक, किंवा स्पीच थेरपिस्ट होत नाही. 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआय आहे, त्यांच्याकडे नोंदणी असल्याशिवाय ही कामं करता येत नाहीत, केली तर शिक्षेची तरतूद आहे. स्पेशल एज्युकेटर व्हायचं तर पदवीनंतर स्पेशल एज्युकेशनमधलं बीएड, आणि ते कॉलेज आरसीआयच्या यादीत आहे का हे फी भरायच्या आधी स्वतः तपासायचं, एजंटच्या बोलण्यावर जायचं नाही. व्यसनमुक्तीत यायचं तर एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधली मास्टर्स, किंवा एमए सायकॉलॉजी, हा रुळलेला रस्ता. व्यसनातून बाहेर आलेली माणसंही या क्षेत्रात फार मोलाचं काम करतात, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात तर 1986 पासून हे चालत आलंय, त्यांना जे एका नजरेत कळतं ते मला अजूनही कळत नाही.

मग मायनरचा उपयोग काय? माझ्या मते खरा उपयोग तासांचा आहे. फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे ओजेटी, हे सगळं तुम्हाला करावंच लागतं, आणि एका क्रेडिटला साधारण 30 तास धरले तर चार क्रेडिटच्या ओजेटीचे 120 तास होतात. हे तास कुठल्यातरी ऑफिसात फायली लावत घालवू नका, सरांना आधीच सांगा की मला स्पेशल स्कूलला किंवा केंद्रावर पाठवा, आणि सगळे तास एकाच जागी करा, चार ठिकाणी दोन दोन दिवस जाऊन कुणी तुमच्याशी बोलायलाही लागत नाही.

याच आठवड्यात सुरुवात करायची असेल तर अंध विद्यार्थ्याचे रायटर व्हा, म्हणजे लेखनिक. दर परीक्षेला माणसं शोधत फिरायची वेळ येते त्यांच्यावर. बहुतेक ठिकाणी लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो, म्हणून एफवायच्या मुलांना तर खूप मागणी असते. परीक्षार्थीला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा, तेवढा वेळ मोकळा ठेवूनच हो म्हणा. प्रश्न पूर्ण वाचायचा, मार्कांसकट. तो सांगेल तेच लिहायचं, चूक दिसली तरी सुधारायची नाही, आणि सुचवायचं तर अजिबातच नाही. चालताना त्याचा हात धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, तो धरेल. मी एसवायला असताना एका मुलीचे सहा पेपर लिहिले होते, दुसऱ्याचं ऐकून घेणं म्हणजे काय ते तिथे पहिल्यांदा शिकले.

व्यसनमुक्तीच्या बाजूने सुरुवात करायची तर ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपापसातला गट, त्यांच्या ओपन मिटिंगला जा, ओपन हे विचारून घ्या कारण क्लोज्ड मिटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठीच असते. मागे बसा, वही काढू नका, फोटो तर नाहीच नाही. तिथे कुणी बोललेलं हॉस्टेलवर येऊन सांगायचं नाही, प्रोजेक्टमध्ये नाव बदलूनही टाकायचं नाही. एवढं पाळता येत नसेल तर ही लाइन घेऊ नका, हे मी मनापासून सांगतेय.

अजून एक, यात जीव जाऊ शकतो म्हणून नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला "आजपासून बंद कर बघू" असं घरच्या घरी सांगू नका. दारू एकदम तुटली की काहींना फिट येते, भ्रम होतो, दोन-तीन दिवसांत तब्येत गंभीर होऊ शकते, हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416, दोन्ही नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. तुमच्या स्वतःच्या घरात कुणी पित असेल तर आधी तुम्ही अल-ॲनॉनला जा, तो गट पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच आहे. घरातलं दुखणं घेऊन बरीच मुलं या कामात येतात, त्यात लाज कसलीच नाही, पण पेशंटमध्ये वडील दिसायला लागले की काम होत नाही.

दोन्हीपैकी एकच निवडायला हवं असंही नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार आहे, व्यसन नाही, पण माणसं अशी कप्प्यात राहत नाहीत. आमच्याकडे एक कर्णबधिर पेशंट होता. ग्रुपमध्ये सगळे बोलायचे, हा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा, बायको आली की घरच्या खुणांनी थोडं थोडं सांगायची, पण बायकोसमोर तो दारूबद्दल काय मोकळं होणार! आमच्यात कुणालाच सांकेतिक भाषा येत नव्हती. तो महिन्याभरात परत प्यायला लागला आणि ते मला अजून लागून आहे. म्हणून तुमच्यातल्या एकाने तरी मायनरसोबत भारतीय सांकेतिक भाषा शिका, दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या सांकेतिक भाषेच्या सरकारी केंद्राचा 10,000 शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश यूट्यूबवर फुकट आहे, आणि बांद्र्याला कर्णबधिरांसाठीच्या अली यावर जंग संस्थेत रीतसर शिकता येतं.

आणि पहिल्या दिवसापासून एक डायरी ठेवा, तारीख, किती तास, काय केलं, शेवटी तिथल्या माणसाची सही. पेशंटचं नाव लिहायचं नाही. आमच्याकडे कुणी नोकरीसाठी आलं की मार्कशीटच्या आधी मी ती डायरी मागते.