जुना एचएमटी ट्रॅक्टर नीट केलाय, आता विकताना भाव पाडू देऊ नका

भावांनो, एचएमटी २५११ विकायला काढला की पहिल्यांदा उद्यमनगरातल्या वर्कशॉपात केलेल्या कामाची बिलं एका फाईलीत लावा, रिंग पिस्टन, पंप, क्लचप्लेट, काय बदललं आणि काय जुनंच हाय ते सरळ सांगा. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवू नका, थंड इंजिन एका सेल्फला उचललं की निम्मा सौदा तिथंच होतोय. नुसता चकचकीत रंग बघून जाणकार उलट संशय घेतो, त्यामुळं ओरिजिनल पत्रा, मीटर चांगलं असेल तर तसंच राहू द्या, माझा तर लई जीव त्यातच असतो. कंपनी आता ट्रॅक्टर काढत नाही, म्हणून तुमच्याजवळ असलेल्या स्पेअर पार्टचे पैसे वेगळे धरा. आरसीवरचा बँकेचा बोजा आधी उतरवा, आणि पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सही करू नका.