मरीन ड्राइव्ह चालायचा असेल तर चर्चगेटहून निघा

मरीन ड्राइव्हवर भर दुपारी जाऊ नका, तिथे सावली जवळपास नाहीच. सूर्यास्ताच्या तासभर आधी चर्चगेटला उतरा, वीर नरिमन रस्त्याने समुद्र गाठा आणि उत्तरेकडे चालू लागा. समुद्र डावीकडे, इमारती उजवीकडे, आणि मावळतीचं ऊन थेट त्यांच्या दर्शनी भागावर. बॅक बेमध्ये भराव घालून मिळवलेल्या या जमिनीवर बहुतेक इमारती १९३० आणि ४०च्या दशकांत उभ्या राहिल्या. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवरून कोपऱ्यापर्यंत सलग गेलेले अरुंद छज्जे, दारावरची वळणदार अक्षरं नीट बघा. वास्तुकलेच्या या शैलीला आर्ट डेको म्हणतात आणि हे वैभव २०१८पासून जागतिक वारसा यादीत आहे.

कठड्याखालच्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवर मात्र उतरू नका. ते लाटेचा जोर मोडायला टाकलेत. शेवाळावरून पाय घसरला की माणूस दोन ठोकळ्यांमधल्या फटीत अडकतो आणि भरती चढत राहते. पावसाळ्यात निघण्याआधी भरतीची वेळ बघाच. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालच्या वेळेवर विसंबू नका. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीला लाटा कठड्यावरून थेट फुटपाथवर येतात.

शेवट गिरगाव चौपाटीवर करा. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांवर इथेच अंत्यसंस्कार झाले; त्यांचा पुतळा पाहिल्याशिवाय भेळेकडे वळू नका. परतीला चर्नी रोड स्टेशन जवळ आहे. विरारकडे बसून जायचं असेल तर चर्चगेटचं तिकीट काढून उलटी लोकल पकडा, गाड्या तिथूनच सुटतात.