रव्याचे पोळे उलटताना तुटत असतील तर

लक्षण: तवसं (मोठी काकडी) घातलेले रव्याचे जाड पोळे बिडाच्या तव्याला चिकटतात, उलटताना मधून फाटतात, आत पिचपिचीत राहतात. तेल वाढवलं, तांदळाचं पीठ मिसळलं; पोळे तेलकट आणि चिवट झाले. तीन सकाळी नाश्ता अक्षरशः खरवडून खाल्ला.

दोष पाण्याचा होता. पावसाळ्यातलं गावठी तवसं मीठ लागताच पाणी सोडतं, त्यामुळे नीट वाटणारं पीठ दहा मिनिटांत सैल पडतं.

आता क्रम असा. पाऊण वाटी किसलेल्या तवशाला अर्धा चमचा मीठ लावून 10 मिनिटं ठेवायचं, मग पिळायचं. निघालेल्या पाण्यात साधं पाणी मिसळून पाऊण वाटी करायचं आणि त्यात 1 वाटी बारीक रवा 20 मिनिटं भिजवायचा. (मीठ त्यातच आलं, वर घालू नका.) मग पिळलेला कीस, अर्धी वाटी खोबरं, मिरची, आलं. पीठ चमच्यावरून ओघळू नये, गोळ्याने पडावं. फारच घट्ट झालं तर चमचाभर पाणी.

तवा मध्यम तापवून तेलात बुडवलेल्या अर्ध्या कांद्याने घासायचा. ओल्या हाताने पोळा अर्धा सेंटिमीटर जाड थापायचा, कडेने तेल, झाकण, मंद आच, 4 मिनिटं. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचंच नाही. दुसरी बाजू झाकणाशिवाय 2 मिनिटं, नाहीतर वाफेचं पाणी पडून पुन्हा चिकटतो.