विकिपीडियावर प्रचालक व्हायचंय? आधी काढतात कसं ते बघा

नवीन लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "दादा, प्रचालक कसं होतात?" पदावरून काढतात कसं हे सहसा कुणी विचारत नाही, आणि मला वाटतं सुरुवात तिथूनच करायला हवी. मी मराठी विकिपीडियावर लिहितो, इंग्रजीवरच्या चर्चाही बरीच वर्षं वाचत आलोय, त्यातून जे कळलं ते सांगतो.

प्रचालक म्हणजे अ‍ॅडमिन, ज्याच्याकडे पान वगळायची, सुरक्षित करायची आणि उत्पात करणाऱ्याला ब्लॉक करायची बटणं असतात. पगार नाही, आणि लेखात काय ठेवायचं यावर त्याच्या मताला जास्तीचं वजनही नाही. अ‍ॅडमिनपद ही काही फार मोठी गोष्ट नाही असं विकिपीडियाचा संस्थापक जिमी वेल्सने २००३ मध्येच लिहिलं होतं. पण इंग्रजी विकिपीडियावर ती होत गेली. तिथे सात दिवस उघड चर्चा चालते, लोक प्रश्नांवर प्रश्न विचारतात, जुनी संपादनं उकरून काढतात, आणि शेवटी पाठिंबा ७५ टक्क्यांच्या वर असला तर माणूस बहुतेक वेळा अ‍ॅडमिन होतोच, ६५ च्या खाली असला तर नाही, मधल्या पट्ट्यात ब्युरोक्रॅट (अ‍ॅडमिनपद देण्याचा अधिकार असलेले सदस्य) सगळी चर्चा वाचून ठरवतात. तटस्थ मतं टक्केवारीत धरत नाहीत. २००७ मध्ये या वाटेने ४०० च्या वर अ‍ॅडमिन झाले, पुढे दहा वर्षांनी वर्षाला पंचवीससुद्धा होईनात.

का? माझ्या मते मुख्य कारण हे की एकदा दिलेलं पद काढणं जवळजवळ अशक्य होतं. वर्षभर काहीच केलं नाही तर निष्क्रिय म्हणून जायचं, नाहीतर लवाद समितीपर्यंत, म्हणजे वाद सोडवणाऱ्या निवडून आलेल्या सदस्यांपर्यंत, प्रकरण न्यायचं, त्यात महिने जायचे आणि माणसं थकून जायची. मग मत देणारा दहादा विचार करणारच ना. जर्मन विकिपीडियाने हे आधीच ओळखलं होतं, तिथे एका महिन्यात २५ जणांनी मागणी केली की अ‍ॅडमिनला पुन्हा निवडणुकीला उभं राहावं लागतं. इंग्रजीवर असाच रिकॉल, म्हणजे अ‍ॅडमिनला परत बोलवायची सोय, यायला २०२४ उजाडलं, ३० दिवसांत २५ सह्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुप्त मतदानाने पहिली निवडणूकही झाली.

छोट्या विकींवर, म्हणजे कमी सदस्य असलेल्या भाषांच्या विकिपीडियांवर, उलटं आहे. चावडीवर (समुदायाच्या चर्चेच्या पानावर) कौल लावला, चार-पाच जणांनी पाठिंबा लिहिला की झालं. काढायची वेळ आली की मात्र पंचाईत, कारण बऱ्याच विकींवर सॉफ्टवेअरच असं आहे की स्थानिक ब्युरोक्रॅट अधिकार देऊ शकतो पण काढून घेऊ शकत नाही, त्यासाठी मेटावर (सगळ्या विकींच्या सामायिक संकेतस्थळावर) जाऊन स्टुअर्डना, म्हणजे सगळ्या विकींवर अधिकार देऊ-काढू शकणाऱ्या सदस्यांना, सांगावं लागतं, आणि ते आधी विचारतात की तुमच्या समुदायाचं एकमत कुठंय दाखवा. हे बरोबरच आहे, बाहेरच्याने येऊन परस्पर ठरवू नये. पण समुदायच काही जणांच्या मुठीत असेल तर काय होतं ते क्रोएशियन विकिपीडियावर दिसलं. तिथे काही अ‍ॅडमिननी मिळून टीका करणाऱ्यांना ब्लॉक करायचं सत्र चालवलं, इतिहासाचे लेख वाकवले, २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की हे वापरू नका, तरी त्यातल्या मुख्य अ‍ॅडमिनवर जागतिक बंदी (सगळ्याच विकींवर बंदी) यायला २०२० साल लागलं. एकाच माणसाची अनेक खाती मतदानात वापरली जात होती, त्यामुळे स्थानिक मतदानाने काही हलतच नव्हतं. सात वर्षं! ज्यांनी त्या काळात हताश होऊन लिहिणं सोडलं ते लेखक परत थोडेच आले असतील.

म्हणून छोट्या विकीवर मुदतीचं प्रचालकपद मला जास्त पटतं. स्टुअर्ड बऱ्याचदा ठराविक महिन्यांसाठीच अधिकार देतात, मुदत संपली की पुन्हा चर्चा, कुणाला "काढायचं" म्हणून कुणाशी वैर घ्यावं लागत नाही.

आता तुम्ही काय करायचं. आधी 'अलीकडील बदल' हे पान बघत बसा, उत्पात उलटवा, द्रुतमाघारचा (एका क्लिकमध्ये संपादन उलटवायचा) अधिकार मागा, वादात चर्चापानावर नीट उत्तर देता येतं का हे लोकांना दिसू द्या. कौल देताना नुसतं "पाठिंबा" लिहून जाऊ नका, त्या माणसाचं योगदान पान उघडा, दोन-तीन जुने वाद वाचा आणि कारण लिहा, विरोध असेल तरीही लिहा. मी एका उमेदवाराला विचारलं होतं की तुझ्याशी एखाद्या लेखावरून भांडणाऱ्याला तू ब्लॉक करशील का, तर तो म्हणाला, "मी नाही करणार, दुसऱ्या प्रचालकाला सांगेन, कारण त्या वादात मी स्वतः आहे." एवढ्या एका उत्तरावर मी पाठिंबा दिला, बाकी त्याचे हजारो साचे आणि वर्ग मला तितके महत्त्वाचे वाटले नाहीत.

आणि तक्रार करायची असेल तर "मनमानी चाललीय" असं लिहून काही होत नाही. कोणतं पान, कोणत्या तारखेचा ब्लॉक, आधी चर्चापानावर विचारलं होतं का, उत्तर काय आलं, हे सगळं दुव्यांसकट चावडीवर मांडा. सदस्य अधिकार नोंद उघडली की कुणाला कुणी कधी अधिकार दिला, कारण काय लिहिलं, मुदत किती, हे तिथेच एका ओळीत सापडतं, आणि ती नोंद बघायला प्रचालक असावं लागत नाही, खातं नसलं तरी चालतं.