भात कापणीआधी: गावठी बियाण्याची तयारी

दसऱ्याच्या सुमारास हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात कापायला येतं, म्हणून बियाण्याची तयारी त्याआधीच व्हायला हवी. सुरुवात पडवीत बसून करा. वाडीवाडीतल्या वडीलधाऱ्या बायांना भाताच्या जुन्या वाणांबद्दल विचारा: वालय कोणाकडे आहे, सोरटी कोण लावतं, बेळा कोणी टिकवलाय. रायगडच्या खारपट्ट्यात असाल तर राता या भाताची चौकशी आधी करा. नावापुढे हळवं की गरवं (उशिरा तयार होणारं), मळ्यातलं की वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीतलं, पेजेला कसं, पेंढा गुरांना पुरतो का, हे सगळं वहीत उतरवा. ही माहिती त्या बायांकडेच आहे आणि ती आता विचारली नाही तर पुढे कोणी सांगणार नाही.

मग वाटणी. एक वाण किमान तीन घरांत आणि वेगवेगळ्या वाड्यांत असलंच पाहिजे. एकाच घरात ठेवलेलं बी एका घुशीने किंवा एका पुराने संपतं. नेणाऱ्याने पुढच्या हंगामात दीडपट परत करायचं, हे तोंडी न ठेवता वहीत लिहा. शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवघेवीचा, विकायचाही हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने दिलाय. फक्त या कायद्याखाली नोंदवलेल्या, म्हणजे संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. तेव्हा बिनधास्त वाटा.

शेतात मात्र जपून. भाताचं परागीभवन बहुतेक आपलं आपणच होतं, त्यामुळे दुसऱ्या वाणापासून तीन मीटर अंतर पुरतं. फुलोऱ्यात एकदा आणि कापणीआधी एकदा खाचरात शिरून उंच वाढलेली, कुसळाची, वेगळ्या रंगाची रोपं उपटा. बियाण्याचं भात हातानेच झोडा, खळं झाडून घेऊन. मळणी यंत्रात आधीच्या शेतातले दाणे अडकून राहतात आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

वाळवताना घाई नको. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. ओलावा बारा-तेरा टक्क्यांवर आला की मुडी (पेंढ्यात गुंडाळलेला बियाण्याचा गोळा) बांधून धुराच्या माळ्यावर ठेवा, नाहीतर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. नावाची चिठ्ठी आत एक, बाहेर एक. भाताबरोबर तवशाचं, म्हणजे गावठी मोठ्या काकडीचं, बी धरायचं असेल तर तवसं वेलावरच पुरतं पिकू द्या. बी धुऊन राखेत घोळवून सुकवा. दोन जातींची तवशी शेजारी लावली असतील तर त्यांचं बी धरू नका, मधमाश्यांनी संकर केलेलाच असतो.

रोहिणीच्या आधी भाताचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा. ऐंशीच्या खाली उगवले तर दुसऱ्या घरातलं बी मागवा. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका, तरंगणारं काढा, बुडालेलं दोनदा धुऊन सावलीत सुकवा. आणि सगळं बी एकदम तरव्याला, म्हणजे रोपवाटिकेत, टाकू नका. पाऊस मध्येच उघडून तरवा करपला, तर दुबार पेरणीला निम्मं तरी डब्यात हवं.