गावात एअरमनच्या (युद्धात गेलेल्या हवाई दलातल्या माणसाच्या) स्मृतिफलकाचं अनावरण आहे? नक्की जा, आणि जाण्याआधी एवढं करा

इंग्लंडमध्ये राहणारे आपले बरेच लोक लायब्ररीच्या दारावर असं पोस्टर बघतात आणि आपलं काय काम तिथे म्हणून पुढे जातात. तसं करू नका. बहुतेक वेळा आमंत्रण लागत नाही, रस्त्यावरच उभं राहायचं असतं.

आदल्या रात्री अर्धा तास त्या माणसासाठी काढा. युद्धात गेलेल्यांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव टाकलं की तारीख, दफनभूमी आणि बऱ्याचदा स्क्वॉड्रनपण (हवाई दलाची तुकडी) कळतं. दुसऱ्या महायुद्धात गेलेला असेल आणि देह सापडलाच नसेल तर बहुधा इंग्लंडमधल्या रनीमीडच्या हवाई दलाच्या स्मारकावर नाव मिळेल, तिथे अशी २० हजारांवर नावं आहेत. आणि सरसकट पायलट म्हणू नका हं, लँकेस्टर या बॉम्बर विमानात ७ जण असायचे, त्यात पायलट एकच, बाकी नेव्हिगेटर, गनर, वायरलेसवाला वगैरे. त्या युद्धात बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या विभागाचे, ५५,५७३ लोक गेले, बहुतेक विशीतली पोरं.

कपडे साधे, गडद रंगाचे. घरात आजोबा-पणजोबांची मेडल्स असतील तर जरूर लावा, पण उजव्या छातीवर, डावी बाजू ज्याने स्वतः कमावली त्याची. छत्री घ्या आणि १५ मिनिटं आधी पोचा, पुढची जागा नातेवाइकांना सोडा.

भाषणं झाली की दोरी ओढून पडदा सरकवतात, तेव्हा टाळ्या चालतात. पण बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून सुरू झाली की निशाणं खाली झुकतात, मग शांतता, आणि रेव्हेली ही शांतता संपवणारी धून वाजेपर्यंत कुणी हलत नाही, फोन आधीच बंद करा, टोपी काढा, लहान मूल रडलं तर शांतपणे बाजूला जा, कुणी रागावत नाही. पुष्कळदा शेवटी 'तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला' अशा अर्थाच्या चार ओळी म्हणतात त्या आपल्या नागालँडमधल्या कोहिमाच्या स्मारकावर कोरलेल्या आहेत, ते माहीत असलं की ऐकताना अंगावर काटा येतो.

नंतरच्या चहाला थांबाच, खरं तर मी त्याचसाठी जाते. एकदा गर्दी पांगल्यावर एक म्हातारी बाई फलकापाशी गेली, हातमोजा काढला आणि भावाच्या नावावरून एकेक अक्षर करत बोट फिरवलं. मी फक्त विचारलं, घरी त्याला काय म्हणायचे? ती २० मिनिटं बोलत होती, चहा गार झाला तिचा. युद्धाचं विचारू नका, असं काहीतरी विचारा.

आणि तुम्हाला कुणी विचारलंच की तुम्ही कसे काय आलात, तर मुंबईच्या लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकरबद्दल सांगा. पहिल्या महायुद्धात विमान चालवायचा, १९१८ मध्ये गेला, फ्रान्सच्या मातीत आहे.