एअरलाइनचं लॉयल्टी कार्ड बदलताय? या चुका टाळा

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या क्लब विस्तारा या लॉयल्टी कार्यक्रमाचे सभासद एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये आले. त्याच सुमारास इंडिगोनं, इतकी वर्षं टाळलेला, स्वतःचा ब्लूचिप कार्यक्रम आणला. तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या नेहमीच्या विमानप्रवाशांत एकच चर्चा आहे: आहे तिथंच राहायचं, इंडिगोकडे जायचं, की सरळ सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरसारखं परदेशी खातं धरायचं?

प्रश्न रास्त आहे, गडबड होते ती क्रमात. लोक आधी नवं खातं उघडतात, मग जुन्याचं काय करायचं ते बघतात आणि पुढच्या वर्षी आपण नेमकं कुठून कुठं जाणार आहोत, याचा विचार सगळ्यात शेवटी करतात. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

"एवढे पॉइंट साठलेत, आता कसं सोडायचं?"

साठलेले पॉइंट ही मागची कमाई आहे. ती सोडायची नाहीच, वापरून टाकायची. पण पुढचं तिकीट कुठल्या खात्यावर नोंदवायचं, याचा त्या साठ्याशी काही संबंध नाही.

मैल, म्हणजे हेच पॉइंट, जपून ठेवण्याची आपल्याकडे भारी हौस. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या किंग क्लब कार्यक्रमाचे मैल मातीमोल झाले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला जमिनीवर आली. तिचा लॉयल्टी कार्यक्रम चालवणारी जेटप्रिव्हिलेज वेगळी कंपनी असल्यामुळे तगली, त्याच वर्षी तिनं इंटरमाइल्स हे नाव घेतलं, पण ज्या विमानांसाठी लोकांनी मैल जमवले होते ती विमानंच उरली नव्हती. मैलांवर व्याज मिळत नाही. त्याच तिकिटाला उद्या जास्त मैल लागतील, एवढंच काय ते होऊ शकतं.

म्हणून आधी कागद घ्या. येत्या बारा महिन्यांतले संभाव्य प्रवास लिहा: कुठून कुठं, त्या मार्गावर तुमच्या वेळेला कोणती एअरलाइन आहे, तिकीट कोण काढणार, किती दिवस आधी काढणार. तुम्ही पुण्याहून दर पंधरवड्याला सकाळचं पहिलं विमान पकडून बेंगळुरूला जात असाल आणि ते विमान इंडिगोचं असेल, तर खिशातलं गोल्ड कार्ड शोभेपुरतंच. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त इंडिगोकडे आहेत. कार्ड कितीही चांगलं असलं, तरी सोयीचं विमान सोडून आपण त्याच्यामागे फार दिवस जात नाही.

पॉइंट आणि टियर यांतही गल्लत नको. पॉइंट म्हणजे तिकीट काढण्याचं चलन. टियर म्हणजे सिल्व्हर, गोल्ड वगैरे: जादा सामान, लाउंज, रांगेतला अग्रक्रम. पहिल्यासाठी बदलायचं की दुसऱ्यासाठी, हे स्वतःशी स्पष्ट करा, कारण दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

ज्या विमानात बसलो, त्याचंच कार्ड असं धरून चालणं

ही सर्वांत महागात पडणारी समजूत. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये, म्हणजे एकमेकींची कार्डं मानणाऱ्या एअरलाइन्सच्या आघाडीत, आहे. म्हणजे एअर इंडियाच्या विमानात बसून तो प्रवास क्रिसफ्लायरवर, लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरवर किंवा टर्किशच्या खात्यावर नोंदवता येतो. एअरलाइन तीच राहते, खातं बदलतं. विस्तारा स्वतः कधीच स्टार अलायन्समध्ये नव्हती, त्यामुळे तिच्या जुन्या सभासदांना ही सवय नाही. इंडिगोही कुठल्या आघाडीत नाही. ब्लूचिपचं टियर इंडिगोच्या दारापर्यंतच चालतं, फ्रँकफर्टच्या लाउंजमध्ये ते दाखवून उपयोग नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी तर यात गंमतच आहे. युनायटेड एअरलाइन्सचं स्वतःचं मायलेजप्लस गोल्ड असेल, तर निव्वळ देशांतर्गत प्रवासात युनायटेड क्लब लाउंज मिळत नाही. पण तेच स्टार गोल्ड (सगळ्या आघाडीत चालणारं गोल्ड) स्टार अलायन्समधल्या दुसऱ्या एअरलाइनचं असेल, तर त्याच विमानाच्या आधी त्याच लाउंजमध्ये जाता येतं. घरच्या सुनेला एक नियम आणि पाहुण्यांना दुसरा! वनवर्ल्ड या दुसऱ्या आघाडीत अमेरिकन एअरलाइन्सचंही साधारण असंच आहे.

दोन सावधगिऱ्या. एक, आघाड्या बदलतात: स्कँडिनेव्हियाची एसएएस १ सप्टेंबर २०२४ ला स्टार अलायन्स सोडून स्कायटीम या तिसऱ्या आघाडीत गेली. दोन, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस यांना एक समजू नका. एक्सप्रेस स्टार अलायन्सची सदस्य नाही. तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' अशी बारीक अक्षरांतली ओळ असते, ती वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

बुकिंग क्लास न बघता गणित मांडणं

'मुंबई-फ्रँकफर्ट सुमारे ४,१०० मैल, म्हणजे जाऊन-येऊन ८,२०० मिळणार' हे गणित बहुतेक वेळा चुकतं. इकॉनॉमी एकच दिसत असली, तरी तिच्यात डझनभर बुकिंग क्लास, म्हणजे वेगवेगळ्या भाड्यांचे गट, असतात. ई-तिकिटावर 'क्लास' या शब्दापुढे वाय, एम, के, एल असं एकच अक्षर छापलेलं असतं. स्वस्त अक्षराला दुसऱ्या एअरलाइनच्या खात्यात कधी ५० टक्के, कधी २५ टक्के मैल मिळतात, कधी काहीच नाही.

क्रिसफ्लायरचंच उदाहरण घ्या. तिथं एलिट गोल्ड, म्हणजेच स्टार गोल्ड, व्हायला बारा महिन्यांत ५०,००० एलिट मैल (टियरसाठी मोजले जाणारे मैल) लागतात. तुमच्या तिकिटाच्या क्लासला ५० टक्के मिळत असतील, तर मुंबई-फ्रँकफर्टच्या एका बाजूला जेमतेम २,०५० पडतील. म्हणजे वर्षात बारा वेळा जाऊन-येऊनही पन्नास हजार पूर्ण होत नाहीत. बिझनेस क्लासनं जाणाऱ्याला हेच गणित सोपं जातं. 'मित्राला मिळालं, मग मला का नाही' याचं उत्तर बऱ्याचदा त्या एका अक्षरात असतं.

दुसऱ्या प्रकारच्या कार्यक्रमांत अंतर मोजतच नाहीत, पैसे मोजतात. डेल्टा आणि युनायटेडनं २०१५ मध्ये मैल भाड्यावर द्यायला सुरुवात केली. ब्रिटिश एअरवेजनं १ एप्रिल २०२५ पासून टियर पॉइंटही खर्चावर बांधले: साधारण एका पौंडाला एक पॉइंट, सिल्व्हरसाठी ७,५००, गोल्डसाठी २०,०००. लंडनवाले त्यावर किती चिडले ते विचारू नका. अशा ठिकाणी मूळ भाडं आणि एअरलाइनचे स्वतःचे अधिभार धरले जातात, सरकारी कर आणि विमानतळ शुल्क सहसा नाही. त्यामुळे कार्डावरून गेलेली सगळी रक्कम पॉइंटमध्ये मोजू नका.

यावरून माझा ढोबळ निकष असा: कंपनी ऐन वेळी महागडं तिकीट काढून देत असेल, तर खर्चावर मोजणारं खातं तुमच्या फायद्याचं. स्वतःच्या पैशानं, तीन महिने आधी, स्वस्तातलं तिकीट काढत असाल, तर अंतर मोजणारं खातं बघा, पण अक्षर तपासून. सध्याच्या खात्यातले शेवटचे चार-पाच प्रवास नव्या कार्यक्रमाच्या तक्त्यात घालून बघा. अर्धा तास लागतो, आणि निम्म्या लोकांचा बदलायचा बेत तिथंच गळून पडेल.

स्टेटस मॅच घाईनं वापरणं

तुमच्याकडे एका एअरलाइनचं गोल्ड आहे म्हणून दुसरी एअरलाइन काही महिन्यांसाठी तिचं गोल्ड देते, हे स्टेटस मॅच. त्या मुदतीत ठराविक प्रवास करून दाखवलात तर ते पुढे चालू राहतं, याला चॅलेंज म्हणतात. अनेक ठिकाणी ही संधी एकदाच मिळते किंवा पुन्हा मागायला काही वर्षं थांबावं लागतं. तरीही लोक 'मिळतंय तर घेऊन ठेवू' म्हणून पावसाळ्यात अर्ज करतात, आणि परदेशवाऱ्या असतात डिसेंबर-जानेवारीत. मुदत तोवर निघून जाते.

अर्ज करावा तो प्रवासांची तिकिटं हातात आल्यावर आणि जुनं टियर चालू असतानाच. नाव, सभासद क्रमांक आणि वैधतेची तारीख एकत्र दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. प्रत्यक्ष प्रवासांचं स्टेटमेंटही बऱ्याचदा मागतात. फुकटात किंवा क्रेडिट कार्डामुळे मिळालेल्या टियरवर अर्ज नाकारला जाण्याची शक्यता जास्त. एकाच आघाडीतल्या दोन एअरलाइन्समध्ये मॅच मागण्यात सहसा अर्थ नसतो, तुमचं आधीचं गोल्ड तिथं चालतंच.

आणि नवं टियर हाती पडेपर्यंत जुनं तोडू नका. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यासारखं आहे ते.

जुन्या पॉइंटची मुदत आणि बँकेचे पॉइंट

मुदत दोन तऱ्हेची असते. क्रिसफ्लायरचे मैल मिळाल्यापासून ३६ महिन्यांनी जातात, मध्ये तुम्ही कितीही उडा. एमिरेट्स स्कायवर्ड्समध्ये साधारण तीन वर्षं, आणि शेवट तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस. उलट ब्रिटिश एअरवेजचे पॉइंट, म्हणजे एव्हिओस, ३६ महिन्यांत एखादा व्यवहार झाला तरी जिवंत राहतात. खातं बदलण्याआधी तुमचे पॉइंट कुठल्या तऱ्हेचे आहेत ते बघा. पहिल्या तऱ्हेचे असतील तर आत्ताच तिकीट काढून वापरा.

बँकेच्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट एअरलाइनकडे एकदा गेले की परत येत नाहीत. म्हणून 'नवं खातं उघडलंय, थोडे टाकून ठेवू' असं करू नका. आधी हवी ती तारीख, हवी ती सीट पॉइंटवर उपलब्ध आहे का ते बघा, कर आणि अधिभाराची रक्कम बघा, मगच पॉइंट हलवा. आई-बाबांचं तिकीट काढायचं असेल तर आणखी एक गोष्ट: क्रिसफ्लायरमध्ये दुसऱ्यांसाठी तिकीट काढायचं तर पाच जणांची नोंदलेली यादी लागते, आणि ती बदलायला पैसे पडतात. मेहुण्याचं नाव उगाच टाकू नका.

नावाचा घोळ

आपल्याकडचा हा खास प्रकार. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, त्यामुळे गिव्हन नेममध्ये 'राहुल सुरेश' आणि आडनाव 'पाटील'. तिकीट पासपोर्टप्रमाणे निघतं. खातं मात्र घाईत 'राहुल पाटील' नावानं उघडलेलं असतं. यंत्राला दोघं वेगळी माणसं वाटतात आणि प्रवास खात्यात येत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हा त्रास दुप्पट: जुनं कार्ड माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. नवं खातं उघडताना पासपोर्ट शेजारी ठेवून, त्यातल्या रकान्यांप्रमाणेच अक्षरन् अक्षर भरा.

विलीनीकरणात भर पडली ती दोन खात्यांची. क्लब विस्तारा ऑफिसच्या ईमेलवर, एअर इंडियाचं जुनं खातं घरच्या ईमेलवर, फोन नंबर तिसराच. अशी दोन खाती असतील तर ग्राहक सेवेला लिहून एकत्र करून घ्या. त्याआधी दोन्हींतली शिल्लक आणि टियरची तारीख स्क्रीनशॉट काढून ठेवा.

"प्रवास झाला, पॉइंट आलेच नाहीत"

आधी आठवडा-दोन आठवडे थांबा, दुसऱ्या एअरलाइनच्या प्रवासाला वेळ लागतो. मग बोर्डिंग पास बघा: कुठला सभासद क्रमांक छापलाय? कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कच्या प्रोफाइलमध्ये जुनाच क्रमांक राहिलेला असतो आणि प्रत्येक बुकिंगला तोच चिकटतो. एक प्रवास एकाच खात्यात जातो. जुन्या खात्यात जमा झाला की सहसा हलवता येत नाही, म्हणून चेक-इन करतानाच क्रमांक बदलून घ्यायचा. फक्त त्या दिवशी लाउंज जुन्या गोल्डवर हवं असेल तर घाई करू नका, कारण बोर्डिंग पासवर नव्या क्रमांकाचं टियर छापलं जाईल.

पॉइंट खरंच हुकले असतील तर दावा करता येतो. क्रिसफ्लायर आणि माइल्स अँड मोअर सहा महिने देतात, काही ठिकाणी मुदत कमी असते. दाव्याला १३ अंकी ई-तिकीट क्रमांक लागतो. पहिले तीन अंक एअरलाइनचे असतात: एअर इंडियाचे ०९८, सिंगापूरचे ६१८, लुफ्तान्साचे २२०. सहा अक्षरांचा पीएनआर टाकून लोक फॉर्म भरतात आणि तो परत येतो. छापील बोर्डिंग पास थर्मल कागदाचा असतो, त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडून कोरा कागद हाती राहतो. विमानातून उतरायच्या आत त्याचा फोटो काढा.

कधी बदलूच नये

वर्षाला दोन-तीनच परदेशवाऱ्या असतील तर कुठल्याच टियरच्या मागे लागू नका. लाउंज क्रेडिट कार्डावर मिळत असेल तर ते वापरा आणि तिकीट स्वस्त असेल तिथून घ्या. टियर टिकवायला दोन-चार हजार पॉइंट कमी पडताहेत म्हणून मुंबई-दिल्ली उगाच उडून येण्याआधी त्या टियरमधून पुढच्या वर्षी नेमकं काय वापरणार ते रुपयांत लिहा: जादा बॅग किती वेळा, लाउंज किती वेळा. तिकिटाचा खर्च त्याहून जास्त निघाला तर टियर जाऊ द्या. नोकरी बदलण्याच्या बेतात असाल तरी थांबा. नवी कंपनी कोणत्या एअरलाइनशी करार करून बसलीय, ते रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी ट्रॅव्हल डेस्कला विचारा, मग खात्याचं बघू.